पाटी नसलेली दुकानं

बाय, तू पंचायत समितीत सांख्यिकी विस्तार अधिकारी म्हणून रुजू झालीस तेव्हा मी पेढा खाल्ला आणि गप्प राहिलो. नव्या नोकरीच्या पहिल्या दिवशी कुणाला उपदेश करू नये. आता आठव्या आर्थिक गणनेची बोलणी सुरू झालीत, जव्हार-मोखाड्याचं नियोजन तुझ्या टेबलावर येईल असं दिसतंय, आणि तू आपणहून विचारलंस, "काका, सुरुवात कुठून करू?" म्हणून सांगतो. वही काढ.

माझी नोकरी शाळेतली. पण १९८० ची दुसरी, १९९० ची तिसरी, १९९८ ची चौथी आणि २००५ ची पाचवी, अशा चार आर्थिक गणनांत मी काम केलं. आधी प्रगणक म्हणून, मग पर्यवेक्षक म्हणून. २०१३ ला सहावी आली तेव्हा मी निवृत्त झालो होतो, तरी प्रगणकांच्या शिकवणीला बोलावलं म्हणून गेलो. १९८० आणि १९९० ला आर्थिक गणना जनगणनेच्या घरयादीबरोबरच झाली. घराला गेरूने नंबर टाकायचा, माणसांचं विचारायचं, आणि त्याच बैठकीत त्या घरात काही उद्योग चालतो का ते लिहायचं. पुढच्या गणना वेगळ्या झाल्या.

पहिली गोष्ट माझ्या चुकीची सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यातूनच शिकलो. १९८० साल. मोखाड्याच्या अंगाला एका पाड्यावर एकतीस घरं होती. मी पंचविशीतला मास्तर, हातात पत्रकं, डोक्यात घाई. दारोदार विचारलं, "धंदा काही करता का?" एकतीस घरांतून एकच उत्तर आलं, "नाय, शेती न् मजुरी." मी एकतीस रेघा मारल्या. जाताना शेवटच्या घरी पाणी मागितलं. म्हातारी पाणी आणायला आत गेली तेव्हा पडवीच्या कोपऱ्यात लक्ष गेलं. वीस-पंचवीस सुपं एकावर एक रचलेली. विचारलं तर म्हणाली, बाजाराला न्यायची आहेत. वर्षभर हेच करते, म्हणाली, भात झोडायच्या दिवसांत जास्त खपतात. तिच्याच दारात बसून मी पाचेक मिनिटांपूर्वी "काही नाही" असं लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. या वेळी "धंदा" हा शब्द काढलाच नाही. विचारलं, "मजुरी सोडून घरात पैसा कशाचा येतो? बाजाराला जाताना काय घेऊन जाता?" त्याच एकतीस घरांतून अकरा कामं निघाली. सुपं-टोपल्या विणणारे, नांगर-वखर करून देणारा सुतार, सुकी मासळी आणून पाड्यांवर विकणारी बाई, विकायला शेळ्या पाळणारे, शिलाई मशीनवाला, नदीत जाळं टाकून मासे बाजारात नेणारे दोघे. म्हणजे पहिल्या दिवशी मी अकरा कुटुंबांची कमाई कागदावरून पुसून टाकली होती.

आपल्याकडे "धंदा" म्हटलं की माणसाच्या डोळ्यापुढे जव्हारच्या पेठेतलं शटरवालं दुकान येतं. ज्याच्या दाराला पाटी नाही तो स्वतःला धंदेवाला समजत नाही. म्हणून तुझ्या प्रगणकांना प्रश्न कसा विचारायचा हे आधी शिकव, रकाने कसे भरायचे ते नंतर. "बाजाराला काय नेता", "पावसात काय विकता, उन्हाळ्यात काय विकता", "कुणी तुमच्याकडे पैसे देऊन काय करून घेतं" असे तीन-चार प्रश्न पाठ करून घे. कातकरी वस्तीवर, ठाकरांच्या पाड्यावर, वारल्यांच्या पाड्यावर बोली वेगळी, पण "बाजाराला काय नेता" हे सगळ्यांना कळतं.

सरकारलाही हे एका दिवसात उमगलं नाही. देशातली पहिली आर्थिक गणना १९७७ ला झाली तेव्हा शेतीबाहेरच्या आणि निदान एक पगारी माणूस ठेवणाऱ्या आस्थापनाच मोजल्या होत्या. ती सूपवाली म्हातारी त्या हिशेबात बसलीच नसती. १९८० पासून एकट्याने किंवा घरच्यांच्या हातांनी चालणारे उद्योगही धरू लागले. आणि बघ, सहाव्या गणनेत देशात ५ कोटी ८५ लाख आस्थापना निघाल्या, त्यांतल्या शंभरात जवळजवळ बहात्तर पगारी माणूस नसलेल्या. महाराष्ट्रात ६१ लाखांवर, उत्तर प्रदेशाच्या खालोखाल. देशाचा धंदा म्हणजे मुख्यतः अशीच पडवीतली सुपं. पाटी बघून मोजणाऱ्याच्या हातून शंभरातले निम्मे सुटतात, आणि आपल्या दोन तालुक्यांत त्याहून जास्त.

आता काय धरायचं आणि काय नाही. पुस्तिकेत व्याख्या असतात, त्या तू वाचशील. पण प्रगणकाला व्याख्या पाठ करायला लावू नकोस, त्याच्या गावातलं उदाहरण दे. विकण्यासाठी किंवा मोबदल्यासाठी काही होतंय का, हा कळीचा प्रश्न. सगळं घरातच खाल्लं तर नाही. थोडं जरी विकायचं म्हणून केलं तर हो. पिकाची शेती धरत नाहीत. नाचणी, वरई, भात पिकवणारा शेतकरी यात नाही. मोगरा लावलाय, कळ्या तोडतोय, तेही पीकच. पण चार गावांतल्या कळ्या विकत घेऊन पहाटेच्या गाडीने दादरला पाठवणारा आहे ना, तो व्यापारी झाला, तो धरायचा. मोगऱ्याच्या भागात या एका फरकावर निम्मे प्रगणक अडखळतात, म्हणून शिकवणीत तासभर यालाच दे. नाचणी पिकवणारी बाई नाही, पण तिच्याच बचत गटाने नाचणीचे पापड करून विकले तर तो गट आहे. शेळ्या-कोंबड्या विक्रीसाठी पाळल्या तर धरायच्या. मोहाची फुलं, हिरडा, डिंक जंगलातून गोळा करून विकतात, तेही धरायचं; ते शेतीपीक नव्हे.

सरकारी कामांत गोंधळ होतो. ग्रामपंचायतीचं कार्यालय, तहसील, पोलीस ठाणं हा राज्यकारभार, तो धरत नाहीत. पण जिल्हा परिषदेची शाळा, आश्रमशाळा, अंगणवाडी, आरोग्य केंद्र यांत सेवा दिली जाते, म्हणून ती आस्थापना. सहाव्या गणनेच्या शिकवणीत एका गुरुजींनी मला विचारलं होतं, "सर, माझी शाळा म्हणजे धंदा का?" मी म्हटलं, "धंदा नाही, पण तिथे काम होतं, माणसं पगार घेतात, मुलं शिकतात. देशात किती ठिकाणी काय काम होतं हेच तर मोजायचंय." देऊळ, मशीद, सेवाभावी संस्थांची केंद्रं यांनाही हेच लागू.

आपल्याकडचा खरा घोळ बाजाराचा. मोखाड्याच्या, खोडाळ्याच्या आठवडी बाजारात शेकडो विक्रेते बसतात. उत्साही प्रगणक बाजाराच्या दिवशी तिथेच पत्रकं घेऊन बसतो, आणि तेच लोक आपापल्या पाड्यावर पुन्हा मोजले जातात. पक्की जागा नसलेला विक्रेता त्याच्या राहत्या घरी मोजायचा, बाजारात नाही, हे शिकवणीत तीन वेळा सांग. फेरीवाला, गवंडी, लग्नातले वाजंत्री, घरोघर जाऊन शिंप्याचं काम करणारा, सगळे घरीच. बाजारात पक्कं बांधलेलं दुकान असेल तेवढंच तिथलं. मात्र बाजाराचा दिवस वाया घालवू नकोस. तिथे फक्त फीर आणि कोण कुठून काय घेऊन आलंय याची वहीत नोंद कर. नंतर त्या पाड्यांच्या याद्या आल्या की ताडून बघ. एखाद्या पाड्यावरून आठ बायका टोपल्या घेऊन आलेल्या तू पाहिल्यास आणि यादीत एकच टोपलीवाली दिसली, तर प्रगणकाला परत पाठव.

हंगामाचा विचार आधीच करून ठेव. वरून तारखा येतील, त्या तुझ्या हातात नाहीत. पण त्या तारखांत कुठल्या गावाला आधी जायचं आणि कुठल्या नंतर, हे तुझ्याच हातात. भातकापणी आटोपली, दिवाळी झाली की आपले पाडे रिकामे होतात. माणसं बायकापोरांसकट भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परत येतात. मधे शिमग्याला चार दिवस घरी. म्हणून दिवाळीनंतर गणना आली तर सर्वात आधी ते पाडे उरक, जिथून गाड्या भरून माणसं जाणार आहेत. जव्हारची पेठ कुठे जात नाही, ती शेवटी कर. शिमग्याच्या दिवसांत गणना चालू असेल तर ते चार दिवस सोन्याचे समज. बंद घरांच्या याद्या तयार ठेव आणि त्याच चार दिवसांत माणसं पाठव. एक लक्षात ठेव, वीटभट्टीवर मजुरीला जाणारा हा कामगार आहे, त्याला उद्योग म्हणून घरी धरायचं नाही. तो भट्टीच्या ठिकाणी, भट्टीच्या कामगारांत मोजला जातो. पण त्याची बायको पावसाळ्यात शेवळं, कंटोली, कोवळ्या रानभाज्या जव्हारला आणून विकत असेल तर ते काम हंगामी उद्योग म्हणून यायला हवं. पत्रकात बारमाही, हंगामी, प्रासंगिक असा भेद असतो. उन्हाळ्यात त्र्यंबकच्या रस्त्याला करवंदं-जांभळं घेऊन बसणाऱ्या बाया डिसेंबरात विचारशील तर घरी काहीच दिसणार नाही. म्हणून "आज काय करता" असं विचारायचं नाही, "वर्षभरात काय काय करता" असं विचारायचं.

आणि पाऊस. आपल्याकडे पाऊस कोसळतो तेव्हा ओढ्यापलीकडचे पाडे तुटतात हे तुला सांगायला नको. पण नियोजनाच्या बैठकीत बाहेरून आलेला माणूस नकाशा बघून म्हणतो, "अडीच किलोमीटर तर आहे." तेव्हा न बोलता राहू नकोस. ते अडीच किलोमीटर दरीत उतरून पुन्हा चढायचे आहेत, असं बैठकीतच सांग आणि इतिवृत्तात लिहून घे. रोजचं उद्दिष्ट सगळ्यांना एकच देण्याला मी कायम विरोध केला. पेठेत एक माणूस दिवसाला चाळीस दुकानं करेल. सूर्यमाळच्या अंगाला पंधरा घरं झाली तरी त्याची पाठ थोपट. उद्दिष्ट वाढवलंस की तो झाडाखाली बसून रकाने भरतो. तो लबाड असतो म्हणून नव्हे, त्याला तू दुसरा रस्ता ठेवला नाहीस म्हणून.

नकाशा. या कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग हाच, आणि बिघाडही इथेच सुरू होतो. गणनेचे गट जनगणनेच्या गटांवर बेततात. सहावी गणना २०११ च्या जनगणनेच्या नजरी नकाशांवर झाली. आता नवी जनगणना येते आहे. १६ जून २०२५ ला अधिसूचना निघाली, १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक आहे. म्हणजे नवे गट, नवे नकाशे मिळतील. मिळाले तरी पाड्यांची तुझी स्वतःची यादी कर. महसुली गाव एक असतं आणि त्याखाली आठ-दहा पाडे, काही डोंगराच्या त्या बाजूला. महसुली नोंदीत गावाचं नाव असतं, माणसं पाड्याच्या नावाने राहतात. प्रगणक गावठाणात फिरून येतो आणि सांगतो, गाव झालं. कुणालाच वाटत नाही काही राहिलं. म्हणून पोलीस पाटील, आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांना एकत्र बसव, चहा दे, आणि एकेका गावाचे पाडे तोंडाने म्हणवून घे. आशाताईला तर प्रत्येक घर पाठ असतं, लसीच्या तारखांसकट. २०११ च्या नकाशावर कोचाळ्याजवळचं मध्य वैतरणा धरण नव्हतं, ते नंतर पुरं झालं. मोखाड्याला नगरपंचायतही नंतरच आली. जव्हारची नगरपरिषद संस्थानकाळातली, १९१८ सालची, तिचे वॉर्ड तरी कागदावर नीट आहेत. हद्दी जिथे बदलल्या त्या जागांवर लाल पेन्सिलीने खूण कर. दोन गटांच्या मधली चार-पाच घरं दोघांनीही सोडलेली, हे मी दर गणनेत पाहिलंय.

जुने आकडे शोधायला जाशील तर ठाण्याच्या कपाटात बघ. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. सहाव्या गणनेचं काम देशात २०१३ ते २०१४ च्या सुरुवातीपर्यंत चाललं, तेव्हा आपण ठाणे जिल्ह्यात होतो. मागची गावं-पाडे जुळवल्याशिवाय "वाढ झाली", "घट झाली" असं कुणाला लिहून देऊ नकोस. आपल्यातली काही गावं विक्रमगडला गेली, तेही ध्यानात घे.

माणसं निवडताना एक हट्ट धर. त्या पाड्याची बोली येणारा, शक्य तर त्या भागातलाच माणूस घे. पण स्वतःच्या भावकीच्या पाड्यावर त्याला एकट्याला नको पाठवूस. बाहेरचा आला तर लोक बोलत नाहीत. अगदी घरचा असला तर तो विचारत नाही, "मला माहीत आहे" म्हणून लिहून मोकळा होतो. शेजारच्या पाड्याचा चांगला. आणि निम्म्या तरी मुली असाव्यात. देशात सहाव्या गणनेत बायकांच्या मालकीच्या आस्थापना ८० लाखांवर निघाल्या, शंभरात चौदापेक्षाही कमी. मला हा आकडा कधी पटला नाही. बाया उद्योग करत नाहीत असं नाही, त्यांना विचारायलाच कुणी जात नाही. पुरुष दारात येतो, "हां, लिहा माझं नाव" म्हणतो. मोहाची फुलं बायको वेचते, सुपं सासू विणते, शेळी मुलगी सांभाळते, कागदावर मालक तो. प्रगणक मुलगी असेल तर ती आत चुलीपाशी बसते, आणि तिथे दोन-तीन कामं जास्त निघतात.

शिकवणी पंखा फिरतोय अशा सभागृहात दोन दिवस घेतात. त्यातला एक दिवस तरी काढून घे आणि सगळ्यांना एखाद्या पाड्यावर ने. दोघादोघांच्या जोड्या करून तीच पाच घरं सगळ्यांना करायला लाव. संध्याकाळी पत्रकं समोरासमोर ठेव. एकाच घराची पाच उत्तरं येतात! त्या फरकांवर वाद होऊ दे. किराणा, पिठाची चक्की आणि मोबाईल रिचार्ज असं एका छताखाली चालणारं दुकान कुठल्या कामात धरायचं, यावर एकदा दीड तास भांडण झालं होतं. उत्तर सोपं आहे, ज्यातून जास्त उत्पन्न येतं ते मुख्य काम. पण त्या दीड तासात जे त्यांच्या डोक्यात बसलं ते पुस्तिकेने बसलं नसतं. वारली चित्रं काढून विकणारं घर आलं तर हस्तकलेची नोंद विसरू देऊ नकोस. सहाव्या गणनेत हस्तकला आणि हातमागाची वेगळी नोंद होती. आठ किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांची तेव्हा वेगळी निर्देशिका भरायची होती. आपल्याकडे अशा थोड्याच, म्हणून त्यांच्यापाशी पर्यवेक्षकाने स्वतः जावं.

सातवी गणना मी बाहेरून पाहिली. २०१९ ला सुरू झाली, पहिल्यांदाच कागदाऐवजी मोबाईलच्या ॲपवर, आणि मधे करोना आला. तिचे आकडे जाहीर झाले नाहीत. त्याची कारणं सांगण्याचा अधिकार मला नाही, पण मला वाईट वाटतं. ज्या मुलांनी घाट चढून घरं केली त्यांचं काम कुणाच्या उपयोगी पडलं नाही. मोबाईलला माझा विरोध नाही. जागेची खूण आपोआप पडते, बेरजेच्या चुका होत नाहीत, झाडाखाली बसून पत्रक भरणारा पकडता येतो. पण आपल्या कित्येक पाड्यांवर रेंज नाही. रेंजशिवाय माहिती साठवून नंतर पाठवता येते ना, हे तू स्वतः पाड्यावर उभं राहून तपासून घे. ऑफिसातल्या वायफायवर नको. चार्जिंगसाठी एकेकाला पॉवर बँक माग. आणि प्रत्येकाच्या खिशात दोन रुपयांची वही असू दे. बॅटरी संपली म्हणून घर सुटलं, हे कारण ऐकून घेऊ नकोस.

लोक घाबरतात. हे मान्य करूनच दारात जायचं. नाव लिहिलं की टॅक्स लागेल, रेशनकार्ड जाईल, घरकुलाच्या यादीतून नाव उडेल, जंगलखातं विचारेल मोह कुठून आणलास. ही भीती वेडेपणाची नाही. कागदावर अंगठा दिल्याने ज्यांचं पूर्वी नुकसान झालं त्यांची नातवंडं आहेत ती. २००८ च्या सांख्यिकी संकलन अधिनियमाखाली गोळा केलेली माहिती आकडेवारीपुरती वापरायची असते, हे आपल्या शब्दांत सांग. जेवढं विचारायचं तेवढंच विचार, त्याहून जास्त कागद मागू नको. जुगार-सट्ट्यासारखे बेकायदा उद्योग या गणनेत धरत नाहीत, तेव्हा त्याची चौकशीही नको. एका घरात तसलं विचारलंस की पुढची दहा घरं दार लावून घेतात. आणि दुसऱ्या टोकाचं पापही नको. २००५ ला माझ्या हाताखालच्या एका मुलाने पाड्यावर सांगितलं, नाव लिहा, कर्ज मिळेल. एका दिवसात तिथे चाळीस उद्योग उगवले. सगळं परत करावं लागलं, आणि त्याहून वाईट म्हणजे पुढची दोन वर्षं लोक मला विचारत राहिले, "मास्तर, कर्जाचं काय झालं?" त्यांच्या डोळ्याला डोळा देताना काय वाटलं ते मलाच ठाऊक.

"यातून आम्हाला काय?" असं विचारलं तर खरं तेच सांगावं. या गणनेतून कुणाच्या हातात पैसा पडत नाही. पण पुढच्या नमुना पाहण्यांना गावं निवडायला हीच यादी लागते, राज्याच्या उत्पन्नाचा हिशेब करताना छोट्या उद्योगांचा अंदाज यातून येतो, आणि आपल्या तालुक्यात बांबूकाम करणारी किती घरं आहेत हेच कुठे लिहिलेलं नसेल तर बांबूचं प्रशिक्षण केंद्र मागायला कोण कशाच्या आधारावर जाणार? २०११ च्या जनगणनेत जव्हार तालुक्यात सुमारे १ लाख ४० हजार आणि मोखाड्यात सुमारे ८३ हजार माणसं होती, दहातली नऊ आदिवासी. शेती चार महिन्यांची. उरलेले आठ महिने ही माणसं काय करून जगतात, हे देशाच्या कागदावर यायला नको का? मी हे काम याच एका कारणासाठी मन लावून केलं.

तपासणीबद्दल. पर्यवेक्षकाने दहातलं एक घर पुन्हा करावं असा काही नियम येईल, तो पाळच. पण त्याच्या आधी खुर्चीत बसून एक काम कर. ग्रामपंचायतीची कर आकारणीची यादी, वीज कंपनीकडची व्यापारी मीटरं, बचत गटांची यादी, रेशन दुकानं, हे सगळं आलेल्या याद्यांशेजारी ठेव. आणि माझी एक जुनी परीक्षा आहे. यादीत चक्की नसलेला पाडा दिसला की विचार, "यांचं दळण कुठे जातं?" दळण कुठे तरी जातंच. ते ज्या पाड्याला जातं तिथे चक्की लिहिलेली आहे का बघ. तसंच, बाईला बाळंतपणाला जव्हारच्या दवाखान्यात नेतात ती जीप कुणाची? ती जीप कुठल्या यादीत आहे? लग्नाचा मंडप कोण घालतं? केस कोण कापतं? पाच प्रश्नांत सुटलेलं घर सापडतं. कॉम्प्युटर फक्त भरलेल्या रकान्यात चूक दाखवतो. न भरलेलं घर त्याला दिसत नाही.

मानधनाचं बोलायला लोकांना संकोच वाटतो, मला वाटत नाही. एका गणनेत माझ्या पोरांना पैसे मिळायला इतका उशीर झाला की दोघांनी पुढच्या वेळी यायला साफ नकार दिला, आणि ते दोघं माझे सगळ्यात चांगले प्रगणक होते. नियोजनाच्या पहिल्या पत्रातच मानधन कधी, किती टप्प्यांत, कुणाच्या सहीने निघणार हे लिहून घे. पाड्यावर मुक्काम करावा लागतो तिथे जेवणाखाण्याचा खर्च वेगळा माग. मुक्कामी राहिलेला प्रगणक संध्याकाळी सहानंतर माणसं घरी आल्यावर काम करतो. शेवटची एसटी पकडायची आहे त्याला दुपारची रिकामी घरंच मिळतात. आणि अंगणवाडी सेविका या कामात घेतल्या तर पोषण आहाराच्या वेळेत त्यांना अंगणवाडीबाहेर काढू नकोस. आपल्या तालुक्यात ते काम कशाहूनही मोठं आहे, तुला माहीत आहे.

रोज रात्री फोनवर प्रत्येक पर्यवेक्षकाशी बोल. "किती झाली" हा प्रश्न शेवटी ठेव. आधी विचार, "आज काय नवीन दिसलं?" ज्याला रोज काही ना काही नवीन दिसतं तो बघतोय. सलग चार दिवस ज्याला काहीच नवीन दिसलं नाही, त्याच्याबरोबर पाचव्या दिवशी तू स्वतः जा.

त्या सूपवाल्या म्हातारीचा पाडा अजून तिथेच आहे. म्हातारी गेली, तिची नातसून सुपांबरोबर आता टोपल्या आणि बांबूच्या शोभेच्या वस्तूही करते. सासऱ्याने चक्की टाकलीय, आणि धाकटा दीर काळी-पिवळी चालवतो. घराला पाटी अजूनही नाही. शिकवणीचा फिरायचा दिवस तिथेच ठेव. मी आधी जाऊन सांगून येतो. नऊ वाजता ती बांबू आणायला जंगलात जाते, म्हणून आठच्या आत पोचा, आणि जाताना चक्कीवर दळायला डबाभर नाचणी घेऊन जा, म्हणजे बसायला निमित्त होईल.